घोरणं थांबतं तेव्हा

प्रश्न : माझे सासरे ६८ वर्षांचे, शेती करतात. उन्हाळ्यात मामा माळवदावर झोपले की अख्खी आळी जागी राहते, इतके घोरतात. मधेच आवाज बंद पडतो, मग गुदमरल्यासारखे दचकून श्वास घेतात. दिवसा कीर्तनात डुलक्या. हल्ली विसरतातही, आडतीवरून आणलेली पट्टी कुठं ठेवली ते आठवत नाही. एका डॉक्टरांनी झोपेची गोळी दिलीय. घरचे म्हणतात, वय झालं, चालायचंच. घोरण्यावर उपचार केला तर स्मृतिभ्रंश टळतो म्हणे, खरं का?
— एक सून, जिंतूर तालुका

उत्तर : ताई, ‘मधेच आवाज बंद पडतो’ हे लिहिलंत ते फार बरं केलं. मला घोरण्यापेक्षा त्या शांततेची काळजी वाटते. झोपेत घसा सैल पडून श्वासाची वाट बुजते. छाती-पोट हलत राहतं, हवा मात्र आत जात नाही. ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकून जागा होतो. तपासणीत अशी किमान १० सेकंदांची अडखळ तासाला किती वेळा येते ते मोजतात. ५ च्या आत ठीक, ३० च्या पुढे तीव्र. मामांना विचाराल तर म्हणतील, मला काय झालंय, मी तर ढाराढूर झोपतो!

आता स्मृतिभ्रंशाचं. २०११ साली अमेरिकेत सरासरी ८२ वर्षांच्या २९८ बायकांचा अभ्यास झाला. झोपेत श्वास अडणाऱ्यांत पुढे बुद्धी मंदावण्याचं प्रमाण जास्त निघालं. उपचार घेणाऱ्यांत अल्झायमरचं निदान कमी झाल्याचंही तिथल्याच एका मोठ्या पाहणीत दिसलं. पण यावरचा उपचार म्हणजे झोपेत श्वासाची वाट उघडी ठेवणारी मशीन; जो रोज रात्री ती नेमानं लावतो, तो बीपीची गोळीही नेमानं घेतो. मग श्रेय कुणाला द्यायचं? त्यामुळे ‘हमखास टळतो’ असं मी म्हणणार नाही, आणि तसं सांगून कुणी मशीन विकत असेल तर दुसरं दुकान बघा. दिवसाची पेंग जाते, बीपी थोडं उतरतं, एवढ्यासाठीही उपचार करावा. मामांचं विसरणं नुसतं अर्धवट झोपेचंही असू शकतं. बी-१२, थायरॉईड आणि कानही तपासून घ्या.

रात्री मोबाइलवर पाच-दहा मिनिटांचा व्हिडिओ काढा आणि परभणीला किंवा नांदेडला छातीच्या नाहीतर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. झोपेची तपासणी ते सांगतील. गोळीचंही तिथंच विचारा; काही गोळ्यांनी घसा आणखी सैल पडतो. मनानं एकदम बंद मात्र करू नका.

मशीन, म्हणजे सीपॅप, ऑक्सिजन देत नाही. साध्या हवेच्या दाबानं वाट उघडी ठेवते. आपल्याकडे अडचणी वेगळ्याच. रात्री लाइट जाते, तेव्हा इन्व्हर्टर लागेल. हवा ओलसर करायला मशीनला असलेल्या छोट्या टाकीत बोअरचं पाणी घातलं तर क्षार धरतात, डिस्टिल्ड आणा. झुपकेदार मिशीवर मास्क नीट बसत नाही, हवा गळते. मिशी उतरवायला मामा तयार होणार नाहीत, तेव्हा नाकपुड्यांत बसणारा प्रकार मागा. सुरुवातीला वैतागून काढून फेकतील. दुपारी टीव्ही बघताना थोडा वेळ लावायची सवय करा.

वजन जास्त असेल तर उतरवायला हवं, कुशीवर झोपवा, रात्रीची दारू असेल तर बंद. आणि उपचार सुरू होऊन पेंग जाईपर्यंत मोटारसायकलची किल्ली मामांच्या हातात देऊ नका.