किनारी रस्ता आत सरकवताना: आखणी आणि जमिनीची अदलाबदल (प्रश्नोत्तरे)

समुद्राच्या धुपेमुळे धोक्यात आलेला रस्ता आत कसा हलवतात आणि त्यासाठी जमिनींची अदलाबदल कशी होते, याविषयी आलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत. बहुतेक प्रश्न फिरून एकाच जागी येतात: जुना रस्ता आणि नवा रस्ता यांच्या मधली जमीन कोणाची राहणार आणि कशासाठी? म्हणून त्या उत्तराला जास्त जागा दिली आहे.

प्रश्न: समुद्राने रस्त्याची कड दोनदा खाल्ली. दोन्ही वेळा दगड टाकून वाहतूक सुरू केली. आता एकदम रस्ताच हलवायचं का निघालं? भक्कम भिंत बांधून भागणार नाही का?

भिंतीने रस्ता काही काळ वाचतो, पण त्याची किंमत पुळण देते. किनारा मागे सरकत असतो आणि भिंत तेवढी आपली रेघ धरून ठेवते. पुळणीला मागे सरकायला जागा उरत नाही, ती अरुंद होत जाते आणि शेवटी भरतीच्या वेळी दिसेनाशी होते. लाटेचा जोर मोडणारी वाळूच गेली की पाणी थेट भिंतीच्या पायाशी येतं आणि पाया उघडा पडतो. शिवाय भिंत जिथे संपते तिथे धूप वाढते. मग भिंत लांबवा, मग आणखी लांबवा. मागे सरकायला जागाच नसलेल्या बंदरात किंवा दाट वस्तीत भिंतीला पर्याय नसतो, हे मान्य. मोकळं रान मागे असताना भिंतीवर खर्च करत राहणं मला पटत नाही.

मात्र धोका कुठून येतोय हे आधी पाहायला हवं. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधला लॉरेन्स हारग्रेव्ह ड्राइव्ह वरच्या कड्यातून दगड कोसळत असल्याने २००३ मध्ये बंद केला. तिथे रस्ता समुद्राच्या बाजूला काढला आणि ६६५ मीटरच्या पुलावरून नेला. हा पूल २००५ मध्ये खुला झाला.

आपला रस्ता एकदा चालत जाऊन बघा. समुद्राकडच्या कडेला डांबरात अर्धचंद्रासारखी भेग दिसते का? तिची दोन्ही टोकं समुद्राकडे वळलेली असतील आणि आतला भाग बोटभर जरी खाली बसला असेल, तर ती नुसती डांबराची भेग नाही. खालची माती सरकते आहे. अशा भेगेत डांबर ओतून ती बुजवली की वरून काही दिसत नाही, पण सरकणं चालूच राहतं. जवळचे कठड्याचे खांब ओळीबाहेर झुकलेत का आणि कड्याच्या पोटातून पाणी झिरपतंय का, हेही पाहा.

प्रश्न: नवी आखणी किती आत घ्यायची हे कसं ठरवतात? आम्हाला सांगितलेला आकडा फार वाटतो.

आकडा आजच्या कड्यापासून धरला तर फार वाटणारच. तो रस्त्याचं आयुष्य संपेल तेव्हा कडा जिथे असेल तिथून धरायचा असतो.

समजा, जुने नकाशे आणि हवाई छायाचित्रं जुळवून धुपेचा वेग वर्षाला ३० सेंटिमीटर निघाला आणि रस्ता ७५ वर्षांसाठी बांधायचा आहे. झाले साडेबावीस मीटर. पण कडा दरवर्षी नेमाने ३० सेंटिमीटर झिजत नाही. तो कित्येक वर्षं जागचा हलत नाही आणि मग एका वादळात सहा-आठ मीटरचा तुकडा एकदम जातो. त्या एका कोसळण्याची जागा वेगळी धरावी लागते. उताराच्या स्थैर्यासाठी लागणारं अंतर, बाजूपट्टी आणि गटार यांची रुंदी त्यात मिळवा. आणि जुना वेग पुढेही तसाच राहील असं धरून चालत नाही. आयपीसीसी या हवामानबदलाचा अभ्यास करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीच्या सहाव्या अहवालानुसार जगभरातली समुद्रपातळी १९०१ ते २०१८ या काळात सरासरी २० सेंटिमीटर वाढली, आणि २००६ ते २०१८ मध्ये वाढीचा वेग वर्षाला ३.७ मिलिमीटरवर गेला. हे सगळं धरलं की साडेबावीसचे पन्नास मीटर सहज होतात. कॅलिफोर्नियात पिएद्रास ब्लांकासजवळ हायवे १ चा सुमारे साडेचार किलोमीटरचा पट्टा काही ठिकाणी जवळजवळ १४५ मीटर आत नेला.

थोडंसंच सरकवलं तर जमीन कमी लागते आणि विरोधही कमी होतो, म्हणून तो मोह सगळ्यांनाच होतो. इंग्लंडमध्ये स्लॅप्टनला २००१ च्या वादळांनंतर रस्त्याचा एक भाग आत घेतला. मार्च २०१८ च्या वादळात त्याच रस्त्याचा काही भाग पुन्हा उद्ध्वस्त झाला. तिथे रस्ता गोट्यांच्या अरुंद बांधावर आहे आणि मागे सरोवर, त्यामुळे फार आत जायला जागाच नाही. ज्यांच्याकडे जागा आहे त्यांनी मात्र एकदाच आणि पुरेसं सरकावं. दर वीस वर्षांनी नवी मोजणी, नवं भूसंपादन आणि नवं भांडण कोणालाच परवडत नाही.

प्रश्न: आमची आतली चांगली जमीन रस्त्याला जाणार आणि बदल्यात जुन्या रस्त्याचा पट्टा देऊ म्हणतात. क्षेत्र तेवढंच आहे. हा सौदा बरोबर आहे का?

क्षेत्राला क्षेत्र हा हिशेब इथे चुकीचा आहे. अदलाबदल किमतीला किंमत अशी व्हायला हवी, आणि दोन्ही जमिनींचं मूल्यांकन एकाच तारखेचं व त्रयस्थ मूल्यांककाचं हवं. समुद्राकडचा पट्टा आज एक एकर असेल, तो तीस वर्षांनी अर्धा असेल. ती घट आजच्या किमतीत दिसली पाहिजे. फरक राहिला तर तो रोख द्यावा. अमेरिकेत संघराज्याच्या जमिनींच्या अदलाबदलीतही असा फरक पैशाने भरून काढता येतो, पण त्याला साधारणपणे देऊ केलेल्या सरकारी जमिनीच्या किमतीच्या २५ टक्क्यांची मर्यादा आहे. ती मर्यादा मला योग्य वाटते. फरक त्याहून मोठा असेल तर ती अदलाबदल राहत नाही, खरेदी-विक्रीच होते.

तुमची जेवढी जमीन जाते तिचीच किंमत लावून थांबू नका. रस्ता शेताच्या मधून गेला तर उरलेल्या दोन तुकड्यांचीही किंमत पडते. पलीकडच्या तुकड्यात ट्रॅक्टर कुठून नेणार, विहिरीचं पाणी रस्त्याखालून कसं नेणार, गुरं कुठून ओलांडणार? मोजणीच्या नकाशावर एखादी चिंचोळी पाचर राहून जाते, एका टोकाला चार मीटर आणि दुसऱ्या टोकाला शून्य. कागदावर ती तुमच्या नावे राहते आणि कुंपण घालण्यापलीकडे तिचा काही उपयोग नसतो. अशी पाचर रस्त्यातच घ्यायला लावा किंवा शेजाऱ्याच्या तुकड्याशी जोडून द्यायला सांगा. संपूर्ण जमिनीची आधीची किंमत वजा उरलेल्या जमिनीची नंतरची किंमत, अशी आकारणी मागा. त्यात हे सगळं येतं.

मिळणारा पट्टा कोणत्या स्थितीत मिळणार हेही करारात लिहून घ्या: डांबर, खडी, मोऱ्या आणि टाकलेले दगड काढून की तसाच? खालून जाणाऱ्या वाहिन्यांचे हक्क राहणार का? लोकांची समुद्रावर जायची वहिवाट आहे का? जुन्या रस्त्यांच्या कडेच्या मातीत शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातलं शिसं सापडू शकतं. माती तपासल्याशिवाय ताबा घेऊ नका. आणि क्रम सांभाळा. करार आधी, तुमच्या जमिनीचा ताबा त्यानंतर, नवा रस्ता सुरू झाल्यावर जुना मोकळा, आणि तो साफ झाल्यावरच तुमच्या नावावर.

एवढं सांगूनही माझं मत असं की हा पट्टा शेतकऱ्याच्या गळ्यात मारूच नये. शेजारची दुसरी सरकारी जमीन देता येत असेल तर ती द्यावी आणि समुद्राकडची पट्टी सार्वजनिक ठेवावी. खाजगी मालकीत गेली की मालक ती वाचवायला दगड टाकणार, त्यात त्याला दोष देता येणार नाही, पण रस्ता हलवून पुळणीसाठी जी जागा मोकळी केली ती पुन्हा बंद होणार. पिएद्रास ब्लांकासच्या परिसरात हर्स्ट रँच या मोठ्या खाजगी कुरणाबाबत २००५ मध्ये झालेल्या करारात किनाऱ्याची बरीच जमीन राज्याकडे आली, आणि आत सरकवलेला रस्ता त्यानंतर कितीतरी वर्षांनी सुरू झाला. जमिनीचा प्रश्न आधी सोडवला की रस्त्याचं काम सोपं होतं.

प्रश्न: जुना रस्ता दुचाकी आणि पादचाऱ्यांसाठी ठेवता येईल का?

खडक पक्का असेल तर जरूर. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिल्स स्लाइडला २०१३ मध्ये बोगदे सुरू झाले आणि जुना रस्ता पुढच्या वर्षी चालण्या-सायकलसाठी खुला केला. पण पुळणीवरचा रस्ता ठेवू नका. फ्रान्समध्ये सेत आणि मार्सेयां यांच्यामधल्या वाळूच्या पट्ट्यावर रस्ता मागे रेल्वेमार्गालगत नेला, समुद्राकडचा जुना रस्ता उखडला आणि तिथे वाळूच्या टेकड्या पुन्हा उभ्या केल्या. डांबर तसंच सोडलं की त्याचे तुकडे पुढची अनेक वर्षं किनाऱ्यावर येत राहतात.

प्रश्न: नव्या आखणीत ओढा आडवा येतो. भराव आणि मोरी स्वस्त पडते, मग पुलाचा आग्रह का?

किनाऱ्याजवळ ओढ्याचं मुख जागा बदलतं. उधाणाचं पाणी आणि वरून आलेला पूर एकाच वेळी भेटले की लहान मोरी तुंबते, आणि भराव धरणासारखा पाणी अडवतो. मासे वर चढायचेही थांबतात. पूल लांब घेतला तर ओढ्याला हलायला जागा मिळते.

प्रश्न: रस्ता अजून शाबूत आहे. सुरुवात कधी करावी?

मोजणी, मालकी हक्कांची तपासणी, पर्यावरणाच्या परवानग्या, वाटाघाटी यांत बांधकामापेक्षा जास्त वर्षं जातात. म्हणून तारखेऐवजी अंतर ठरवा. उदाहरणार्थ, कडा डांबरापासून २० मीटरवर आला की जमिनीचा व्यवहार सुरू, १० मीटरवर आला की बांधकाम सुरू. ही अंतरं तुमच्याकडच्या धुपेच्या वेगावरून काढा आणि ठरावात लिहा. कड्यालगत पक्क्या खुणा रोवून दर सहा महिन्यांनी आणि प्रत्येक मोठ्या वादळानंतर अंतर मोजा. मोजलेली नोंदवही जमीनमालकांनाही पाहता यावी. वाटाघाटीला बसल्यावर दोन्ही बाजूंपुढे तेच आकडे असतील.