काबो डेल्गादोत नोकरी, जोहान्सबर्गमध्ये घर: भीती नेमकी कशाची धरायची?

«ताई, नमस्कार. आम्ही सात-आठ वर्षांपासून मस्कतला आहोत. माझे मिस्टर इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअर आहेत. त्यांना उत्तर मोझांबिकमधल्या गॅस प्रकल्पावर एका कंत्राटदार कंपनीकडून ऑफर आली आहे. चार आठवडे काम, चार आठवडे सुट्टी. मी आणि मुलगी (चौथीत आहे) जोहान्सबर्गला राहावं, असं कंपनी सुचवते. नाशिकला सासूबाईंनी तिथल्या दहशतवादाबद्दल कुठेतरी वाचलं आणि तेव्हापासून त्यांना झोप नाही. धाकटे दीर म्हणतात, मोझांबिकचं सोडा, जोहान्सबर्गच जास्त वाईट आहे. पगार चांगला आहे आणि नाशिकच्या फ्लॅटचं कर्ज डोक्यावर आहे. धोका नक्की कुठे आणि किती, हेच कळत नाही. काय करावं?»

तुमच्या सासूबाईंचं बरोबर आहे आणि दिरांचंही. फक्त दोघं दोन वेगळ्या जागांबद्दल बोलताहेत. जोहान्सबर्ग आणि काबो डेल्गादोचा तो गॅसचा किनारा यांच्यात सरळ रेषेत दोन हजार किलोमीटरहून जास्त अंतर आहे, म्हणजे मुंबई ते कोलकात्याहूनही लांब. दोन्हीकडचे धोके वेगळ्या जातीचे आहेत. मिस्टरांच्या बाबतीतला धोका कंत्राटाच्या कागदावर सही करण्याआधी निस्तरायचा आहे. तुमच्या आणि मुलीच्या बाबतीतला रोज घराच्या फाटकाशी सांभाळायचा आहे. या दोन्हींची एकच मोठी भीती करून घेतली, की माणूस नको त्या गोष्टीची काळजी करत बसतो आणि हवी ती राहून जाते.

आधी काबो डेल्गादो. मोझांबिकचा हा अगदी उत्तरेकडचा प्रांत, टांझानियाला लागून. ५ ऑक्टोबर २०१७ ला मोसिंबोआ दा प्राया या बंदराच्या गावात हत्यारबंद तरुणांनी पोलीस चौक्यांवर हल्ला केला, तिथून हे सुरू झालं. स्थानिक लोक त्यांना अल-शबाब म्हणतात, पण सोमालियातली त्या नावाची संघटना वेगळी. २०१९ पासून इस्लामिक स्टेट त्यांच्या हल्ल्यांची जबाबदारी घेऊ लागली. ऑगस्ट २०२० मध्ये त्यांनी मोसिंबोआचं बंदर ताब्यात घेतलं आणि जवळपास वर्षभर सोडलं नाही. आजवर सहा हजारांहून अधिक माणसं मारली गेली आणि एका टप्प्यावर जवळजवळ दहा लाख लोक घरदार सोडून परागंदा झाले होते.

हे कशामुळे झालं, तेही तुम्हाला ठाऊक असायला हवं, कारण तुमचं घर त्या मातीतल्या गॅसवर चालणार आहे. प्रांत मोझांबिकमधल्या सगळ्यात गरीब भागांपैकी एक. २०१० नंतर समुद्रात प्रचंड गॅस सापडला, त्याच सुमारास मोंतेपुएझला माणकांच्या खाणी निघाल्या. हाताने खणून पोट भरणाऱ्यांना तिथून हुसकावलं गेलं, किनाऱ्यावरच्या कोळ्यांना आणि शेतकऱ्यांना प्रकल्पासाठी उठवलं गेलं. नोकऱ्या मात्र दक्षिणेकडून आणि परदेशातून आलेल्यांना. धर्माच्या नावाने भरती करणाऱ्यांना असे हात रिकामे असलेले, मन कडवट झालेले तरुण आयतेच मिळाले. आणि आपण यात अगदी परके नाही. ज्या प्रकल्पात तुमचे मिस्टर जाणार, तो बहुधा टोटलएनर्जीज या फ्रेंच तेल कंपनीचा असावा. तसं असेल तर त्यात भारतीय सरकारी तेल कंपन्यांचा मिळून ३० टक्के हिस्सा आहे. त्यात मुंबईत मुख्यालय असलेल्या भारत पेट्रोलियमची उपकंपनीही आहे.

आता तुमच्या मिस्टरांच्या कामाची गोष्ट. २४ मार्च २०२१ ला पाल्मा गावावर हल्ला झाला. प्रकल्पाची अफुंगीची कुंपणातली वसाहत तिथून जवळच. कुंपणाच्या आत जे होते ते वाचले. गावातल्या अमारुला हॉटेलमध्ये मात्र दीडशेहून जास्त माणसं अडकली: सरकारी कर्मचारी, स्थानिक लोक आणि छोट्या कंत्राटदार कंपन्यांची माणसं. दोन दिवस कुणी न्यायला येईल म्हणून वाट पाहिली, हेलिकॉप्टरने थोडेच बाहेर निघाले, आणि शेवटी उरलेल्यांनी गाड्यांचा ताफा करून स्वतःच निघायचं ठरवलं. वाटेत दबा धरून बसलेल्यांनी ताफा गाठला. बऱ्याच गाड्या पुढे पोहोचल्याच नाहीत. कंत्राटदारांच्या माणसांकडे दुर्लक्ष झालं, अशी तक्रार वाचलेल्यांनी आणि मृतांच्या नातेवाइकांनी फ्रान्समध्ये केली. मार्च २०२५ मध्ये तिथे न्यायालयीन चौकशी सुरू झाली. कंपनीने आरोप नाकारले आहेत आणि निकाल लागायचा आहे.

तुमच्यासाठी यातली कळीची गोष्ट एकच: धोका कुंपणाच्या आत की बाहेर, आणि मुख्य कंपनीचा माणूस की कंत्राटदाराचा. तुमचे मिस्टर कंत्राटदाराचे. म्हणून सही करण्याआधी त्यांनी लेखी विचारावं: राहायची सोय अफुंगीच्या आत की पाल्मा गावात? पेंबाहून (प्रांताची राजधानी) साइटवर विमानाने नेणार की रस्त्याने? हल्ला झाला तर मुख्य कंपनीच्या माणसांना ज्या विमानात, ज्या बोटीत बसवतील, त्यातच आम्हाला बसवणार का, आणि तो निर्णय कोण घेणार, त्याचा हुद्दा काय? ‘बाकी सगळं कंपनी बघेल’ असं तोंडी उत्तर आलं तर ते उत्तर नव्हे. विम्याचंही तसंच. अनेक पॉलिसींमध्ये युद्ध आणि दहशतवाद वगळलेला असतो, हे बारीक अक्षरात असतं. तुमच्या भारतातल्या टर्म पॉलिसीच्या कंपनीलाही नव्या कामाचं ठिकाण कळवून लेखी उत्तर मागवा.

आज परिस्थिती २०२१ सारखी नाही, हेही खरं. जुलै २०२१ पासून रवांडाचं सैन्य तिथे आहे, पाल्मा आणि मोसिंबोआ परत सरकारच्या हातात आहेत, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये टोटलएनर्जीजने प्रकल्पाच्या कामावरची साडेचार वर्षांची स्थगिती उठवली. पण आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या देशांच्या संघटनेचं संयुक्त दल जुलै २०२४ मध्ये माघारी गेलं, आणि बंडखोर संपलेले नाहीत. ते छोट्या टोळ्यांनी फिरतात. जुलै २०२५ च्या अखेरीस चिऊरे जिल्ह्यातल्या हल्ल्यांमुळे पन्नास हजारांवर लोकांना पळावं लागलं. एन-३८० या मुख्य रस्त्यावर ते गाड्या अडवतात आणि प्रवासी सोडायचे पैसे मागतात. म्हणून रस्त्याच्या प्रवासाबद्दल मी इतकं बजावून सांगते आहे. ‘सुट्टीच्या दिवशी गाडी काढून जरा किनारा बघून येऊ’ हे तिथे नाही म्हणजे नाही. (आणि मलेरिया! मोझांबिकमध्ये त्याने फार माणसं जातात. डॉक्टरने दिलेल्या गोळ्या एकही दिवस न चुकवता घ्यायच्या, ताप आला की त्याच दिवशी तपासणी.)

आता जोहान्सबर्ग. दीर म्हणतात ते आकड्यांत पाहू. दक्षिण आफ्रिकेत २०२३-२४ या एका वर्षात सत्तावीस हजारांहून अधिक खून झाले. भारतात २०२२ साली २८,५२२ खून नोंदले गेले, आणि आपली लोकसंख्या त्यांच्या वीसपटीहून जास्त! पण हे मरण कुणाच्या वाट्याला येतं ते पाहा. बहुतेक बळी गरीब वस्त्यांमधले कृष्णवर्णीय तरुण असतात: केपटाऊनचं न्यांगा आणि डेल्फ्ट, डर्बनजवळचं इनांडा. तुम्ही मिडरँडला किंवा फोरवेजला एखाद्या पहारा असलेल्या वसाहतीत राहणार. तिथे तुमच्यापुढचा धोका म्हणजे गाडी हिसकावणं, घरफोडी आणि फोन-पैसे लुटणं.

त्यातला सगळ्यात नाजूक क्षण म्हणजे घराच्या फाटकासमोरची ती दहा-पंधरा सेकंदं. तिथे गाडी थेट फाटकाला नाक लावून उभी करायची नाही, कारण मागे दुसरी गाडी आली की तुम्ही कोंडीत सापडता. रस्त्यालाच समांतर थांबायचं, फाटक पूर्ण उघडलं की आत वळायचं, आणि फाटक बंद होईपर्यंत आरशात मागे पाहत राहायचं. विमानतळाहून येताना कुणी पाठीमागे आहे असं वाटलं, तर घरी जायचंच नाही, सरळ पोलीस ठाण्याकडे किंवा गजबजलेल्या पेट्रोल पंपाकडे जायचं. निळा दिवा लावून कुणी थांबायला सांगितलं आणि गाडी खरी पोलिसांची वाटत नसेल, तर वेग कमी करायचा, चारी इंडिकेटर लावायचे आणि तशाच सावकाश ठाण्याकडे न्यायची. मुलगी ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसेल, म्हणजे उतरावं लागलं तर तिला काढायला वेळ लागणार नाही. आणि कुणी बंदूक दाखवली तर चावी, पर्स, फोन सगळं देऊन टाकायचं. हात दिसतील असे ठेवायचे आणि ‘मागे मूल आहे’ हे मोठ्याने सांगायचं. गाडी विम्यात भरून निघते.

सोनं नाशिकच्या लॉकरमध्येच राहू दे. भारतीय घरांत दागिने असतात, हे तिथल्या चोरांना पक्कं माहीत आहे. रोजचं मंगळसूत्र छोटं, काळ्या मण्यांचं, ड्रेसच्या आत. सिग्नलला, ज्याला तिथे रोबोट म्हणतात, थांबताना काचा वर आणि पर्स डिकीत. बँकेच्या ॲपवरची दिवसाची मर्यादा अगदी कमी ठेवा. माणसाला गाडीत घालून तासाभरात खातं रिकामं करायला लावण्याचे प्रकार तिथे होतात. पोलिसांचा १०१११ आणि मोबाईलवरून लागणारा ११२ हे दोन्ही फोनमध्ये असू द्या, पण लवकर पोहोचते ती बहुधा वसाहतीची खासगी सशस्त्र गाडी. तिथे खासगी सुरक्षारक्षक पोलिसांपेक्षा कितीतरी जास्त आहेत. पोलिसांवरचा विश्वास किती डळमळीत आहे ते २०२५ मध्ये सगळ्या देशाने पाहिलं. क्वाझुलू-नाताल प्रांताच्या पोलीसप्रमुखांनी स्वतःच्याच खात्याच्या मंत्र्यांवर गुन्हेगारी टोळ्यांशी संबंध असल्याचा जाहीर आरोप केला. मंत्र्यांना रजेवर पाठवून चौकशीसाठी मडलांगा आयोग नेमावा लागला.

मापुतोला घर करायचा पर्याय कुणी सुचवला, तर माझं मत नाही असं आहे. मोझांबिकच्या या राजधानीत २०११ पासून अपहरण करून खंडणी मागणाऱ्या टोळ्या आहेत, आणि त्यांचं लक्ष्य मुख्यतः भारतीय वंशाची व्यापारी कुटुंबं असतात. पगारदार माणूस त्यांच्या यादीत वर नसतो, पण शाळेच्या दारात चेहरा पाहून कुणी पगारदार आणि व्यापारी ओळखत नाही.

दोन्ही धोके कुठे जोडले गेले असतील, तर पैशात. मार्च २०२२ मध्ये अमेरिकेच्या अर्थखात्याने दक्षिण आफ्रिकेतल्या काही जणांवर निर्बंध लावले. आरोप असा, की इस्लामिक स्टेटच्या शाखांसाठी ते पैसा उभा करत आणि पोहोचवत होते. अशा पैशावर नजर ठेवण्यात कमी पडले म्हणून दोन्ही देश आंतरराष्ट्रीय करड्या यादीत, म्हणजे वाढीव देखरेखीखाली होते, ऑक्टोबर २०२५ मध्ये बाहेर आले. तुमच्यापुरता अर्थ असा: नाशिकचा हप्ता बँकेतूनच पाठवा. ‘दोन टक्के वाचतील, हातोहात पोहोचवतो’ म्हणणारा कितीही ओळखीचा, कितीही आपल्या गावाकडचा असला, तरी त्याला नाही म्हणा. त्या साखळीत आपले पैसे कुणाच्या पैशांत मिसळतात ते आपल्याला कधीच कळत नाही.

आणखी एक सांगायचंय, ते मला सगळ्यांत जास्त वाटतं. जुलै २०२१ मध्ये क्वाझुलू-नाताल आणि गाउतेंग प्रांतांत दंगली, लुटालूट झाली आणि ३५० हून अधिक लोक गेले. डर्बनजवळच्या फिनिक्स या भारतीयबहुल वस्तीत लोकांनी स्वतःच नाके उभारले. घाबरलेली, हत्यारं घेतलेली माणसं, फोनवर फिरणाऱ्या अफवा, आणि त्या भागात ३६ जण मारले गेले. बहुतेक कृष्णवर्णीय, काही तर नुसते घरी निघालेले. तुम्हालाही वसाहतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘संशयित काळा माणूस दिसला’ असे मेसेज येतील. ते पुढे पाठवू नका. फाटकावरचा पहारेकरी, घरात मदतीला येणाऱ्या मावशी, शाळेच्या बसचे काका, ही माणसं तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त धोक्याच्या वस्तीतून रोज पहाटे निघून येतात. त्यांची नावं तुमच्या मुलीला पहिल्याच आठवड्यात पाठ हवीत. तिला सावध राहायला शिकवाल, त्याच वेळी माणसाच्या रंगाला घाबरायचं नाही हेही शिकवा. नऊ-दहा वर्षांच्या मुलीला दोन्ही नीट कळतं.

निर्णयाबद्दल विचाराल तर असं करा. निवास कुंपणाच्या आत, प्रवास विमानाने, आणीबाणीत मुख्य कंपनीच्या बरोबरीने सुटका, हे तिन्ही लेखी मिळालं तर मिस्टरांनी जावं. त्यातलं एक जरी लेखी देत नसतील तर पगार कितीही असो, मस्कतची नोकरी सोडू नये. ते गेले, तर पहिले काही महिने तुम्ही आणि मुलगी मस्कतला किंवा नाशिकला राहा. दक्षिण आफ्रिकेतलं शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं. त्याआधी एकदा दोघींनी तिथे जाऊन घर, शाळा आणि घर-शाळा यांच्यातला रस्ता डोळ्यांनी पाहा. मिस्टरांची नोंद मापुतोच्या भारतीय उच्चायुक्तालयात आणि तुमची जोहान्सबर्गच्या वाणिज्य दूतावासात पहिल्या आठवड्यात करा. सासूबाईंना एकदा नकाशा समोर ठेवून दाखवा, मुलगा कुठे, सून-नात कुठे. साइटवरून रोज ठरलेल्या वेळी त्यांना त्यांच्या मुलाचाच मेसेज जाऊ दे, तुमच्यामार्फत नको. नेट बंद पडलं तर कंपनीच्या कुठल्या माणसाला फोन करायचा, तो नंबर त्यांच्याकडेही लिहून ठेवा.