ॲपमध्ये ४४.१, डॅकवर ४८

प्रश्न : माझ्या अँड्रॉइड फोनला यूएसबी डॅक (डिजिटल गाण्याचे हेडफोनला चालणाऱ्या विद्युत संकेतात रूपांतर करणारे छोटे उपकरण) आणि त्याला वायरचे हेडफोन जोडून मी गाणी ऐकतो. स्ट्रीमिंग ॲप गाणे १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ, लॉसलेस (म्हणजे काहीही न गाळलेले) असल्याचे सांगते. डॅकच्या पडद्यावर मात्र कोणतेही गाणे लावले तरी ४८ हाच आकडा दिसतो. लॉसलेसचे पैसे भरून मी नेमके काय ऐकतो आहे?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आपला डॅक खरे तेच सांगतो आहे. ॲपपर्यंत गाणे शाबूत पोहोचते, पण ॲप आणि डॅक यांच्यामध्ये अँड्रॉइडचा मिक्सर असतो. गाणे, नकाशाच्या सूचना, मेसेजची घंटी हे सारे एकत्र करून एकाच प्रवाहात बाहेर सोडायचे, तर सर्वांचा सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला ध्वनीचे किती नमुने हा दर, एकच असावा लागतो, आणि बहुतेक फोनमध्ये तो सेकंदाला ४८,००० नमुने इतका ठरलेला असतो. सीडीचा, आणि आपल्या ॲपमधल्या गाण्याचाही, दर ४४,१००, म्हणजेच ४४.१ किलोहर्ट्झ.

हे दोन दर एकमेकांत सरळ बसत नाहीत. मूळच्या दर १४७ नमुन्यांमागे १६० नवे तयार करावे लागतात आणि त्यांतला एकच जुन्या नमुन्याच्या क्षणावर पडतो. उरलेले १५९ मधल्या जागांसाठी गणिताने काढलेले असतात. म्हणून डॅकपर्यंत जाते ते मूळ गाणे बिट न् बिट नसते, हे मान्य करावेच लागेल. तरीही याला एमपीथ्रीच्या पंक्तीला बसवणे अन्यायाचे होईल, कारण एमपीथ्रीत माहितीच टाकून दिली जाते, तर इथे दर वाढत असल्याने २० किलोहर्ट्झपर्यंतचा ऐकू येणारा पट्टा टिकून राहतो. रूपांतर नीट केलेले असेल, तर त्यातली चूक कानाला कळण्याच्या पातळीच्या बरीच खाली राहते, आणि केवळ या कारणासाठी फोन बदलू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

मात्र हे टाळता येत असेल तर जरूर टाळावे. २०२३ च्या अँड्रॉइड १४ मध्ये मिक्सरला वगळून यूएसबी डॅककडे मूळ प्रवाह पाठवण्याची सोय आली. फोन आणि ॲप या दोघांनीही ती स्वीकारलेली असावी लागते. नसल्यास यूएसबी ऑडिओ प्लेअर प्रोसारखे, स्वतःचा यूएसबी ड्रायव्हर असलेले ॲप वापरावे. मग एक गाणे ४४.१ चे आणि एक ९६ चे लावून पाहावे : डॅकवरचा आकडा बदलला, तर मार्ग मोकळा झाला. त्याआधी हेडफोन कानावरून काढून ठेवावेत. या पद्धतीत फोनचे आवाजाचे बटण निकामी होऊ शकते आणि गाणे एकदम पूर्ण आवाजात सुरू होते.

प्रश्न : मी ब्लूटूथ हेडफोनच वापरतो. मला ही खटपट उपयोगी पडेल का?
– एक वाचक, पणजी

उत्तर : नाही. एसबीसी, एएसी आणि एलडॅक हे तिन्ही कोडेक (ब्लूटूथवरून पाठवण्यासाठी ध्वनी आवळण्याच्या पद्धती) माहिती गाळूनच पाठवतात. एलडॅकची कमाल मर्यादा सेकंदाला ९९० किलोबिट आहे, तर सीडीचा मूळ प्रवाह १,४११ किलोबिटांचा असतो. आपल्या बाबतीत रीसॅम्पलिंगपेक्षा (वर सांगितलेल्या दराच्या रूपांतरापेक्षा) मोठी घट इथेच होते, तेव्हा आधी वायर जोडून ऐकावे.