वाचकांचे प्रश्न : कराचीहून निघालेले उंटवाले

प्रश्न : माझा मुलगा ॲडलेडला असतो. त्याने आम्हा दोघांना ‘घान’ नावाच्या गाडीने ॲलिस स्प्रिंग्जला पाठवलं. गाडीवर उंटस्वाराचं चित्र आहे. डब्यातल्या एकांनी सांगितलं, की हे नाव अफगाण उंटवाल्यांवरून पडलं. अफगाण आणि उंट म्हटलं की मला पानिपतच आठवतं. ही माणसं इतक्या लांब कशी गेली? पुढे त्यांचं काय झालं?
— एक वाचिका, कर्वेनगर

उत्तर : ताई, पानिपतावरची उंटांच्या पाठीवरची जंबुरकं, म्हणजे त्या हलक्या तोफा, थोडा वेळ बाजूला ठेवू या. ही माणसं लढायला नाही, ओझी वाहायला गेली. आणि त्यांतली कितीतरी गेली ती आपल्याच इलाख्यातून. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यात होता, म्हणजे ते जिथून जहाजात बसले त्या कराची बंदरावर हुकूम चाले तो मुंबईच्या गव्हर्नरचा. हा गव्हर्नर पावसाळ्यात गणेशखिंडीत राहायला येई, आज जिथे आपल्या पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे तिथे. शाळेत इतिहास शिकवताना मी हे मुलांना मुद्दाम सांगत असे. उंटवाल्यांची गोष्ट परक्या मुलखाची म्हणून सोडून द्यावी, असं मला कधीच वाटलं नाही.

ऑस्ट्रेलियाच्या मधल्या वाळवंटात घोडे-बैल टिकेनात. त्यांना रोज पाणी लागतं, आणि तिथे मैलोन्‌मैल पाणी नाही. १८६० साली ऑस्ट्रेलिया दक्षिणेकडून उत्तरेला ओलांडायला निघालेल्या बर्क आणि विल्स यांच्या मोहिमेसाठी जॉर्ज लँडेल्सने हिंदुस्थानातून २४ उंट नेले, बरोबर ते सांभाळणारी माणसंही. पण जम बसला तो १८६६ पासून. थॉमस एल्डर या व्यापाऱ्याने शंभरावर उंट आणि ३१ उंटवाले दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट ऑगस्टा बंदरात उतरवले. पुढच्या पन्नासएक वर्षांत दोन हजारांच्या आसपास माणसं गेली. पठाण, बलुच, सिंधी, पंजाबी अशी सगळी. गोऱ्यांनी सरसकट सगळ्यांना अफगाण ठरवलं. बहुतेकांचा करार तीन वर्षांचा. बायकामुलं मागे गावी.

काम काय, तर सगळंच. नकेलीला दोर बांधून एकामागे एक साठ-सत्तर उंट, आणि सांभाळायला तीन-चार माणसं. जाताना पीठ, चहा, साखर, खाणींची अवजारं. येताना लोकरीचे गठ्ठे. तगडा नर अर्धा टन ओझं घेऊन चाले. ॲडलेड ते डार्विन ही तारेची लाइन १८७२ साली पुरी झाली, तिलाही हे उंट लागले. १८७३ साली विल्यम गॉस हा संशोधक प्रवासी उलुरूच्या प्रचंड खडकावर चढला, तेव्हा त्याच्यासोबत कामरान नावाचा उंटवाला होता. नकाशावर खडकाला नाव मिळालं ते सर हेन्री एअर्स या राजकारण्याचं.

या सगळ्यांत मला सर्वांत जवळचा वाटतो तो बेजाह दरवेश. मूळचा बलुचिस्तानचा, आधी हिंदुस्थानच्या फौजेत होता. १८९६ च्या कॅल्व्हर्ट मोहिमेत ग्रेट सँडी वाळवंटात तो मोहिमेचा प्रमुख लॉरेन्स वेल्स याच्यासोबत होता. त्या मोहिमेतले दोघे तहानेने मेले. वेल्सने पुढे आपलं होकायंत्र बेजाहला दिलं. वाळवंटात दिशा ज्यावर सोपवायची, ती वस्तू त्याने या माणसाच्या हाती ठेवली! बेजाह दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या मारी गावी स्थायिक झाला, तिथे खजुराची झाडं वाढवली, १९५७ साली वारला.

पण सरकारचं मन एवढं मोठं नव्हतं. १९०१ च्या कायद्याने गोऱ्यांखेरीज इतरांची वाट अडवली; कुठल्याही युरोपीय भाषेत श्रुतलेखनाची परीक्षा घेऊन नापास करायचं. १९०३ च्या कायद्याने तर आशियात जन्मलेल्यांना नागरिकत्वाचा अर्जच करता येईना. ज्यांनी पन्नास-पन्नास अंशांच्या उन्हात त्या देशाला पीठमीठ पुरवलं त्यांना हे फळ मिळालं, आणि याचा मला आजही संताप येतो. मारीत रेल्वेच्या एका बाजूला गोरे, दुसऱ्या बाजूला हे आणि तिथले आदिवासी. कित्येकांनी आदिवासी बायकांशी लग्नं केली आणि संसार थाटले.

मग मोटारलॉऱ्या आल्या. १९२९ साली रूळ ॲलिस स्प्रिंग्जपर्यंत पोचले. त्या कामाचं सामानही उंटांनीच वाहिलं होतं. दक्षिण ऑस्ट्रेलियाने १९२५ साली नोंदणी नसलेले उंट मारायची परवानगी देणारा कायदाच केला. पोटच्या पोरासारख्या वाढवलेल्या जनावरावर गोळी कोण झाडणार? अनेकांनी उंट रानात सोडून दिले. आजचे तिथले लाखो रानटी उंट त्यांचीच प्रजा.

मुलाकडे पुन्हा जाल तेव्हा ॲडलेडच्या लिटल गिल्बर्ट स्ट्रीटवरची मशीद जरूर पाहा. १८८८-८९ साली ती बांधली. चार मिनार नंतर, १९०३ मध्ये उभे राहिले. म्हातारपणी उंटवाले तिच्या आवारातल्या खोल्यांत येऊन राहत. ब्रोकन हिल या खाणींच्या गावातली त्यांची पत्र्याची मशीद आता संग्रहालय म्हणून जपली आहे. त्यांची नातवंडं-पतवंडं मारी आणि ॲलिस स्प्रिंग्जमध्ये आहेत, आणि खान, मोहम्मद ही आडनावं अजून लावतात.