स्पायरोमीटर घरी आल्यावर

ताई, सिस्टिक फायब्रोसिस (फुप्फुसात घट्ट बेडका साठवणारा जन्मजात आजार) असलेल्या मुलासाठी स्पायरोमीटर, म्हणजे फुंकून श्वास मोजायचं यंत्र, घरी आलं की पहिले काही दिवस आकड्यांचा धसका घेऊ नका. आमचा मुलगा सुरुवातीला अर्धवटच फुंकायचा. ताठ बसवा, छाती भरून श्वास, मग एका दमात पूर्ण रिकामा. असं तीनदा, आणि त्यातला सगळ्यात चांगला एफईव्ही-१ (पहिल्या सेकंदात बाहेर फुंकलेल्या हवेचा आकडा) वहीत लिहा. वेळ रोज एकच. नेहमीपेक्षा १० टक्क्यांनी उतरला, किंवा आकडा ठीक असूनही खोकला-बेडका वाढला, तर पुढच्या व्हिडिओ कॉलची वाट बघू नका, मुंबईच्या डॉक्टरांना लगेच कळवा. वजन आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर.

यंत्रात न दिसणारी गोष्ट म्हणजे मीठ. देवगडच्या मे महिन्यात या मुलांच्या घामातून ते भराभर जातं. पेजेत जास्त मीठ घातलं की सासूबाई ओरडायच्या, बीपी वाढेल म्हणून! किती वाढवायचं ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या. मूल मलूल पडलं, उलट्या झाल्या तर थेट दवाखाना गाठा.

पावसात लाइट आणि रेंज दोन्ही जातात, म्हणूनच वही. साध्या फोनवरही आकडे वाचून सांगता येतात. बेडक्याच्या तपासणीसाठी मात्र अधूनमधून मुंबईची फेरी चुकत नाही.