घरच्या वर्कशॉपसाठी लाकडी टूल कॅबिनेट स्वतः बनवायचं तर सुरुवात कुठून करावी?

तुमच्याकडे सर्क्युलर सॉ, ड्रिल आणि चार क्लॅम्प आहेत, अवजारं खोक्यांत नि पिशव्यांत पडली आहेत, आणि पहिलं कॅबिनेट प्लायचं करावं की सॉलिड लाकडाचं, इथे गाडी अडली आहे. लाकडाचं नंतर बघू. आधी सगळी अवजारं जमिनीवर ओतून मांडा आणि मोजपट्टी घेऊन बसा.

माझं पहिलं कॅबिनेट मी उलट्या क्रमाने केलं. आधी सांगाडा, त्यात चार एकसारखे खण, प्रत्येक उंचीला जवळजवळ 200 मिमी. दिसायला झकास होतं. महिन्याभरात प्रत्येक खणाचा उकिरडा झाला. पटाशीवर पकड, पकडीवर कानस, आणि जे हवं ते कायम तळाशी. एकदा गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं अवजार, शोधताना बोट कापलं. बोटाचं काही नाही, पण कानस आपटून पटाशीच्या धारेला खळी पडली होती, ती काढायला अख्खी संध्याकाळ गेली.

आडवी ठेवली की हाताची बहुतेक अवजारं 40 मिमीच्या वर जात नाहीत. पटाश्या, कानशी, पाने, स्क्रू ड्रायव्हर, गुण्या, ड्रिलचे बिट, सगळी त्यातच बसतात. म्हणजे खणाची आतली उंची 50 मिमी असली तरी पुरे. रंधा ठेवायला साधारण 150 लागते, ड्रिल मशीनला त्याहून जास्त. म्हणून सहा उथळ खण, त्याखाली एक मध्यम, सर्वांत खाली एक उंच, असं गणित जमतं. जड सामान खाली गेलं की कॅबिनेटही स्थिर राहतं. तरी त्याला भिंतीशी स्क्रूने अडकवाच. दोन-तीन भरलेले खण एकदम बाहेर ओढले की अख्खं कॅबिनेट पुढे कलंडतं, आणि समोर आपणच उभे असतो.

आता लाकूड. सांगाड्याला 18 मिमी प्लाय, खणांच्या बाजूंना 12, मागच्या पॅनेलला आणि खणांच्या तळाला 6. सॉलिड लाकडाची रुंद फळी हवेतल्या ओलाव्याने आडवी फुगते नि आकसते, मग एका ऋतूत सुळकन सरकणारा खण दुसऱ्या ऋतूत अडून बसतो. प्लायला ही खोड नसल्यासारखीच. पार्टिकल बोर्डाच्या, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीच्या, वाटेला जाऊ नका. त्यात स्क्रू एकदा सैल झाला की परत धरत नाही, आणि अवजारांचा खण म्हणजे लोखंडाची पेटीच असते.

8 बाय 4 फुटांची 18 मिमी शीट 30 किलोच्या पुढे जाते, एकट्याने करवतीवर धरायला जाऊ नका. जमिनीवर चार टेकू द्या, वर सरळ पट्टी क्लॅम्पने आवळा आणि त्या पट्टीला टेकवून सॉ चालवा. सर्क्युलर सॉचे दात खालून वर कापत येतात, त्यामुळे कुसळं वरच्या बाजूला निघतात. चांगली बाजू खाली ठेवायची ती याचसाठी. पात्याच्या जाडीचे 2-3 मिमी दर कापाला जातात, तेही हिशेबात धरा.

खरी मेख खणांच्या रुंदीत आहे. खण ज्यावर सरकतो त्या बाजूच्या धातूच्या पट्टीला, म्हणजे टेलिस्कोपिक चॅनेलला, दोन्हीकडे 13-13 मिमी जागा हवी. समजा कॅबिनेट बाहेरून 600 आहे. दोन बाजूंचे 36 गेले, आत उरले 564. त्यातून 26 वजा केले की खणाची बाहेरची रुंदी 538. खणाच्या बाजू 12 मिमीच्या, म्हणजे त्यांच्यामधली पुढची-मागची पट्टी 514. कागदावर हे सुंदर दिसतं, आणि त्यावरून आठही खणांचे तुकडे एकदम कापून टाकायचा मोह होतो. तो आवरा. 18 म्हणून आणलेली शीट पुष्कळदा साडेसतराच भरते. सांगाडा चिकटवून पक्का होऊ द्या, आतली रुंदी वर, मध्ये आणि खाली प्रत्यक्ष मोजा, आणि सर्वांत कमी जी येईल ती धरून खण कापा. अर्धा मिमी कमी झाला तर चॅनेलमागे पुठ्ठ्याची पट्टी सरकवता येते. जास्त झाला तर रंधा घेऊन बसा.

सांगाडा गुण्यात आहे की नाही ते कोपऱ्यात गुण्या लावून नीट कळत नाही. दोन्ही कर्ण मोजा. फरक आला तर लांब कर्णाच्या दोन टोकांना क्लॅम्प लावून हळूहळू आवळत जायचं, माप सारखं झालं की थांबायचं. सरस ओला असतानाच हे करायचं आणि लगेच मागचं पॅनेल ठोकायचं. तेच सांगाड्याला काटकोनात धरून ठेवतं. स्क्रूआधी बारीक भोक पाडायला विसरू नका, नाहीतर प्लायची कड चिरते.

चॅनेल दोन्हीकडे एकाच उंचीवर बसवायला पेन्सिलच्या खुणांवर विसंबू नका. प्लायचा एक रुंद तुकडा सर्वांत वरच्या चॅनेलच्या उंचीइतका कापा, तो आत उभा करा, त्यावर चॅनेल टेकवून स्क्रू मारा. डावीकडे आणि उजवीकडे तोच तुकडा. मग तो कापून कमी करा आणि खालच्या चॅनेलला वापरा. असं वरून खाली उतरत या. हे मला तिसऱ्या कॅबिनेटला सुचलं, तोवर माझे खण थोडे तिरके चालायचे.

खरं तर उथळ खणांना चॅनेल लागतंच असं नाही. सांगाड्याच्या बाजूंना आतून कठीण लाकडाच्या पट्ट्या मारा, आणि खणाचा तळ दोन्हीकडे 10 मिमी बाहेर काढून तो पट्ट्यांच्या मधल्या खाचेत सरकू द्या. मेणबत्ती घासली की मस्त चालतो. माझे पटाश्यांचे खण असेच आहेत. एकच उणीव, तो पूर्ण बाहेर ओढला तर हातात येतो. पण तसाच उचलून कामाच्या टेबलावर नेता येतो, त्यामुळे आता मला ती उणीव वाटत नाही.

दारं लावायची की नाही, हे धुळीवर ठरवा. मी लावली नाहीत. पॉलिश बाहेरून काहीही चालेल. खणांच्या आत मात्र तेलाचं फिनिश नको, बंद जागेत त्याचा वास महिनोन्महिने जात नाही. लाखेच्या पॉलिशचे दोन हात पुरतात.

खणांच्या आत अवजारं जागेवर धरणाऱ्या पट्ट्या आणि खाचे सुरुवातीचे दोन-तीन महिने चिकटवू नका, नुसते दाबून बसवा. गुण्या कुठे ठेवायचा हे मी चित्र काढून ठरवलं होतं. हात प्रत्येक वेळी दुसऱ्याच खणाकडे जायचा, शेवटी गुण्याच तिकडे हलवला.