काळ्या पाषाणातलं पाणी: वाचकांचे प्रश्न

पाऊस परतला की सांगली-साताऱ्याकडून बोअरची पत्रं सुरू होतात. गावं वेगळी, गैरसमज तेच. म्हणून ही उत्तरं एकदाच देतो.

प्रश्न (तासगाव): पाणाड्याच्या तळहातावर नारळ उभा राहिला. तिथं बोअर पाडू का?

नको. नारळाला खडकातली भेग कळत नाही. भूवैज्ञानिकाला जागा दाखवा.

प्रश्न (आटपाडी): ४५० फुटांपर्यंत नुसता फुफाटा उडाला. बोअरचा गाडीवाला म्हणतो, ८०० फुटांवर नदी आहे. पुढं जाऊ?

थांबा. नदीबिदी काही नाही. आपल्याकडं लाव्हाचे थर एकावर एक बसलेत. पाणी असतं ते मुरमात, मांजऱ्या म्हणजे छिद्राछिद्रांच्या खडकात, दोन थरांच्या सांध्यात. खालचा काळा पाषाण भेग नसेल तर कोरडाच. खोलवर एखादी भेग लागलीच, तरी वरून तिथं पाणी पोचायला फार काळ लागतो, उपसा मात्र रोजचा. गाडीवाल्याचं बिल फुटावर होतं, हेही ध्यानात घ्या. शिवाय २००९ च्या भूजल कायद्यानं शेतीसाठी ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण २०० फुटांपेक्षा खोल जायला मनाई आहे. आणखी पैसा घालण्याआधी जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण कार्यालयात जा.

प्रश्न (कवठेमहांकाळ): द्राक्षबागेसाठी ३०×३०×३ मीटरचं शेततळं प्लास्टिकचा कागद घालून केलंय. ऑक्टोबरात विहीर उपसून भरून ठेवतो. शेजारी भांडतात. चूक काय?

चूक मोठी आहे, आणि मला सगळ्यात जास्त काळजी हिचीच वाटते. शेततळं वाहून जाणारं पाणी धरायला असतं. तुम्ही जमिनीत सावलीला असलेलं पाणी उन्हात आणून ठेवताय. ऑक्टोबर ते मे आपल्याकडं उघड्या पाण्याची एक मीटरहून जास्त वाफ होते. तळं काठोकाठ राखलंत तर ९०० चौरस मीटरवरून ९ लाख लिटर, म्हणजे १० हजारी ९० टँकर, हवेत गेले. आणि खाली साठा केवढा? १०० लिटर बेसॉल्टातून, म्हणजे या काळ्या पाषाणातून, जेमतेम १ ते ३ लिटर पाणी हाती येतं. त्याच थरावर शेजाऱ्याचीही विहीर आहे. तिची पातळी उतरली की तोही तळं खोदतो.

गेल्या मे महिन्यात अशाच एका शिवारात गेलो होतो. तळ्यात निळंशार पाणी, कागदावर क्षारांची पांढरी वळी. शंभर पावलांवर पिण्याच्या विहिरीत सोडलेला हंडा तळाच्या दगडावर खणखणत होता.

तळं ठेवा, पण त्यात ओढ्याचं पावसाळी पाणी किंवा म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचं आवर्तन घ्या. विहिरीचं पाणी लागेल तेव्हा ठिबकनं थेट बागेला द्या. ऑक्टोबरात नि मार्चात दोरी सोडून पातळी लिहून ठेवा आणि ती नोंद घेऊन शेजाऱ्यांसकट भूवैज्ञानिकाला भेटा. पुढच्या छाटणीवर ढकलू नका.

प्रश्न (माण): ओढ्याचं पाणी बोअरमध्ये सोडू का?

थेट नको. गाळानं भेगा बुजल्या की बोअर गेलं. दगड, खडी, वाळूचा गाळणखड्डा हवाच; त्याचं माप पाहणी करून ठरवा. खत-औषधाचं शेतातलं पाणी तर अजिबात नको.

प्रश्न (खटाव): विहिरीत आडवे बोअर मारू?

आधी विहीर उपसून पाझर कुठल्या थरातून येतो ते जाणकाराला दाखवा. कोरड्या पाषाणात आडवं मारून काही निघत नाही.